झीलंडचे समुद्रबांध आणि ठोकळ्यांखालचं पाणी : एक प्रकरण अभ्यास

नेदरलँड्सच्या नैऋत्य टोकाला झीलंड हा प्रांत आहे. बेटं, त्यांच्यामधून आत शिरलेल्या रुंद खाड्या, आणि प्रत्येक खाडीच्या कडेने मातीचा बांध. बांधामागची जमीन बऱ्याच ठिकाणी भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. १९९० च्या दशकात तिथल्या अभियंत्यांपुढे एक विचित्र परिस्थिती उभी राहिली. बांधांची उंची पुरेशी होती, माती चांगली होती, देखभालही नीट चालू होती. पण समुद्राकडच्या उतारावर बसवलेलं दगडांचं आणि काँक्रीटच्या ठोकळ्यांचं पिचिंग, म्हणजे लाटांपासून माती वाचवणारं अस्तर, हिशोबात बसत नव्हतं. चार हजार वर्षांतून एकदा येण्याची शक्यता असलेल्या वादळासाठी हे बांध टिकले पाहिजेत, असा झीलंडचा निकष होता. त्या वादळातल्या लाटा धरल्या, तर मैलोन्‌मैल पिचिंग उखडलं जाईल असं दिसू लागलं.

१९९७ मध्ये राइक्सवाटरस्टाट, म्हणजे तिथलं केंद्रीय जलबांधकाम खातं, आणि स्थानिक जलमंडळं यांनी मिळून ‘झीवेरिंगन’ नावाचं प्रकल्प कार्यालय उघडलं. पुढची अठरा-एकोणीस वर्षं ते चाललं. वेस्टरस्केल्ड आणि ओस्टरस्केल्ड या दोन खाड्यांच्या काठचे सुमारे ३२५ किलोमीटर बांध त्याच्या यादीत होते. ठोकळ्यांच्या पिचिंगचं डिझाइन नेमकं कशावर उभं असतं, हे समजून घ्यायला मला याहून चांगलं प्रकरण माहीत नाही. आपल्याकडे कोकणात खारबंदिस्तीच्या (भरतीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या) बांधांवर दगडी पिचिंग करणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावं असं मनापासून वाटतं. आपण आजही जी चूक पक्कं काम म्हणून करतो, तिचा खुलासा या प्रकरणात आहे.

हे इतक्या उशिरा का कळलं?

३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्रातलं वादळ आणि मोठी भरती एकत्र आली. नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली. नंतर पाहणी झाली तेव्हा दिसलं की बहुतेक बांध समुद्राकडून फोडले गेले नव्हते. पाणी माथ्यावरून पलीकडे सांडलं, जमिनीकडचा उभा उतार भिजला, घसरला, आणि बांध आतल्या बाजूने खचला. त्यामुळे पुढची तीस-पस्तीस वर्षं सगळं लक्ष उंचीवर राहिलं. बांध वाढवले गेले, आतला उतार सपाट केला गेला, खाड्यांची तोंडं बंद झाली. ओस्टरस्केल्डच्या तोंडावरचा दरवाजांचा महाकाय बंधारा १९८६ मध्ये सुरू झाला. वेस्टरस्केल्ड मात्र उघडीच ठेवावी लागली, कारण अँटवर्प बंदराची जहाजं तिथूनच जातात.

या सगळ्या काळात पिचिंगची जाडी अनुभवाने ठरत होती. शेजारच्या बांधावर वीस सेंटिमीटरचे ठोकळे टिकलेत ना, मग इथेही तेच. अनुभव वाईट असतो असं नाही. पण रोजच्या आणि दहा-वीस वर्षांतल्या वादळाचा अनुभव चार हजार वर्षांतल्या वादळाबद्दल काही सांगू शकत नाही. तिथे गणित लागतं, आणि तोवर गणित तयार नव्हतं.

ते तयार झालं डेल्टा फ्लूममुळे. नूर्डओस्टपोल्डर या समुद्रातून मिळवलेल्या जमिनीवर १९८० मध्ये एक लाट-कालवा बांधला गेला : २४० मीटर लांब, ५ मीटर रुंद, ७ मीटर खोल. छोट्या प्रतिकृतीत ठोकळ्यांचं पिचिंग नीट तपासता येत नाही, कारण लाट दहापट लहान केली तरी खडीतून झिरपणारं पाणी त्याच नियमाने लहान होत नाही. म्हणून जवळजवळ खऱ्या आकाराचा उतार बांधायचा, खऱ्या ठोकळ्यांनी मढवायचा, खाली दाबमापक बसवायचे आणि दीड-दोन मीटरच्या लाटा तासन्‌तास सोडायच्या. क्लाइन ब्रेटेलर, बेझुइयन, पिलार्चिक या संशोधकांनी त्या आकड्यांवरून जी सूत्रं बांधली, त्यांनीच झीलंडचं पिचिंग कागदावर नापास केलं.

ठोकळा केव्हा उठतो?

लाट आपटते तेव्हा ठोकळा तुटत असेल किंवा सरकत असेल, असं पाहणाऱ्याला वाटतं. आवाज तेव्हाच होतो, पाणी तेव्हाच उडतं. पण दाबमापकांनी वेगळंच दाखवलं. ठोकळ्याला सर्वांत मोठा धोका लाट आपटण्याच्या जरा आधी असतो.

क्रम असा आहे. आधीची लाट उतारावर चढते आणि तिचं थोडं पाणी सांध्यांमधून ठोकळ्यांखालच्या खडीच्या थरात उतरतं. मग ती परत फिरते. बाहेरचं पाणी झपाट्याने खाली जातं, पण खडीतलं पाणी तेवढ्या वेगाने निचरू शकत नाही. म्हणजे आत पाण्याची पातळी वर, बाहेर उतार जवळपास कोरडा. त्याच वेळी पुढची लाट उभी राहून येत असते. तिच्या उभ्या तोंडाखालचा मोठा दाब सांध्यांमधून खडीत शिरतो आणि उताराने वर सरकतो, लाटेच्या पुढच्या ठोकळ्यांखाली. वरून त्या ठोकळ्यांवर काहीच नाही, खालून दोन्हीकडचा दाब. त्या क्षणी ठोकळा वर उचलला जातो. ही ओढ सेकंदाच्या अंशापुरती टिकते, पण वादळात ती हजारो वेळा येते.

यावरून पिचिंगचं डिझाइन कशावर अवलंबून आहे ते स्पष्ट होतं : खालचा दाब किती साठतो आणि तो वर किती सहज सुटतो. वरच्या थरातून पाणी सहज बाहेर पडत असेल तर दाब साठत नाही. खालचा थर जाड आणि फार मोकळा असेल, तर लाटेचा दाब त्यातून लांबवर पोचतो. डच अभियंत्यांनी हे दोन्ही परिणाम एका संख्येत बांधले, तिला आपण गळती-लांबी म्हणू. खडीच्या थराची पारगम्यता (त्यातून पाणी किती सहज वाहतं ते सांगणारा आकडा), त्याची जाडी आणि ठोकळ्याची जाडी यांचा गुणाकार करायचा, त्याला वरच्या थराच्या पारगम्यतेने भागायचं, आणि वर्गमूळ घ्यायचं. उत्तर मीटरमध्ये येतं. ते जितकं लहान तितकं चांगलं.

आकडे घालून पाहू. हे माझे अंदाजी आकडे आहेत, पण प्रमाण खरं आहे. खडीचा थर १० सेंमी, त्याची पारगम्यता सेकंदाला ०.१ मीटर, ठोकळा ४० सेंमी, सांधे धरून वरच्या थराची पारगम्यता सेकंदाला ०.०१ मीटर. गळती-लांबी येते साधारण ०.६ मीटर. उत्तम. आता खडीचा थर १० ऐवजी ५० सेंमी केला, चांगला भक्कम निचरा होईल म्हणून. उत्तर १.४ मीटर. म्हणजे परिस्थिती बिघडली. थर परत १० सेंमी केला, पण सांधे जवळपास बंद केले आणि वरची पारगम्यता वीस पटीने घटली, तर उत्तर २.८ मीटर. फारच वाईट.

या दोन निष्कर्षांपाशी थोडं थांबायला हवं, कारण दोन्ही आपल्या सवयीच्या उलट आहेत. जाड खडीचा फिल्टर म्हणजे जास्त सुरक्षित, असं आपण धरून चालतो. ठोकळ्यांच्या पिचिंगखाली तो पातळ असावा लागतो. झीलंडमध्ये तो साधारण १० सेंमी ठेवला गेला आणि माती धरून ठेवायचं काम त्याखालच्या जिओटेक्सटाइलवर, म्हणजे पाणी जाऊ देणाऱ्या पण माती अडवणाऱ्या कापडावर, सोपवलं. दुसरं, सांधे जितके बंद तितकं काम पक्कं, हे आपल्या रक्तातच आहे. तेही इथे चुकतं.

वजनाचं गणित

अर्थात वजन लागतंच. प्राथमिक डिझाइनसाठी जे सूत्र वापरलं जातं त्याचं रूप साधं आहे : लाटेच्या उंचीला ठोकळ्याची जाडी आणि त्याची पाण्यातली सापेक्ष घनता (पाण्यापेक्षा जास्तीची घनता भागिले पाण्याची घनता) यांच्या गुणाकाराने भागायचं. हे गुणोत्तर एका मर्यादेपेक्षा मोठं असता कामा नये, आणि ती मर्यादा म्हणजे एक गुणांक भागिले लाट-फुटीच्या अंकाचा (उतार आणि लाटेचा चढ यांवरून लाट कशी फुटते ते सांगणाऱ्या संख्येचा) दोन-तृतीयांश घात. सैल, बंद सांध्यांच्या चपट्या ठोकळ्यांसाठी हा गुणांक तीन-साडेतीनच्या आसपास येतो. नीट घट्ट बसवलेल्या, सांध्यांतून श्वास घेणाऱ्या खांबांसाठी, म्हणजे उंच अरुंद ठोकळ्यांसाठी, पाच-सहापर्यंत.

समजा लाट २ मीटर, आवर्तनकाल ६ सेकंद, उतार एकास साडेतीन. लाट-फुटीचा अंक येतो साधारण १.५. साध्या काँक्रीटचे, घनमीटरला २,३०० किलो वजनाचे चपटे बंद ठोकळे असतील तर जाडी हवी सुमारे ६२ सेंमी. झीलंडमध्ये युद्धोत्तर काळात मोठ्या प्रमाणावर बसवलेले ‘हारिंगमन’ ठोकळे ५० सेंमी चौकोनी आणि साधारण २० सेंमी जाड होते. म्हणजे या लाटेला तीनपट कमी.

आता त्याच ठोकळ्यांचं झीलंडने काय केलं ते पाहण्यासारखं आहे. हजारो टन काँक्रीट उखडून भंगारात टाकण्याऐवजी त्यांनी ठोकळे उचलले, कडेवर उभे केले आणि एकमेकांना खेटून बसवले. तोच ठोकळा आता २० ऐवजी ५० सेंमी जाड झाला. चौरस मीटरला सांधे वाढले, त्यामुळे वरचा थर जास्त पाणी सोडू लागला. गुणांक ५ धरला तर लागणारी जाडी निघते सुमारे ४२ सेंमी, आणि हातात आहे ५०. जो ठोकळा आडवा नापास झाला, तोच उभा पास झाला. अर्थात तेवढंच क्षेत्र झाकायला अडीच पट ठोकळे लागतात, म्हणून एका बांधावरून काढलेले ठोकळे भरतीच्या पट्ट्यातल्या ठराविक भागातच पुरत आणि उरलेल्या भागासाठी नवे खांब आणावे लागत. तरीही या एका निर्णयात मला या प्रकल्पातली सगळी समज दिसते. नवं साहित्य न आणता, फक्त पाण्याला वाट देऊन आणि जाडीची दिशा बदलून ताकद मिळवली.

नव्या भागांत बहुतेक ठिकाणी काँक्रीटचे खांब आले : बसाल्टॉन, हायड्रोब्लॉक आणि तशाच जातीचे. नैसर्गिक बसाल्टचे पंचकोनी-षटकोनी खांब डच बांधांवर पिढ्यान्‌पिढ्या हाताने रचले जात. जर्मनीतल्या ऱ्हाइनकाठच्या खाणींतून ते येत. काँक्रीटचे खांब त्यांचीच नक्कल. फायदा असा की घनता मागणीनुसार मिळते. साध्या २,३०० ऐवजी जड खडी घालून २,७०० किंवा त्याहूनही जास्त. वरच्याच लाटेला, त्याच गुणांकाने, २,३०० घनतेला ४२ सेंमी लागतात आणि २,७०० ला ३२ सेंमी पुरतात. सापेक्ष घनता पाण्यातून मोजली जाते, म्हणून काँक्रीट १७ टक्के जड केलं की पाण्यातलं वजन ३० टक्क्यांच्या वर वाढतं. खांब उंच करायचे की जड, हा निर्णय मग वाहतूक, जुन्या अस्तराची पातळी आणि बाजारातला भाव पाहून झाला.

घट्टपणा कुठून येतो?

सूत्रातला तो गुणांक तीनवरून पाच-सहावर जातो, तो काही फुकट मिळत नाही. एक सुटा ठोकळा आणि शेजाऱ्यांनी दाबून धरलेला ठोकळा यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. गच्च भरलेल्या कपाटातलं एखादं पुस्तक बोटाने ओढून निघत नाही, आजूबाजूची चार हलतात, तसंच इथे होतं. डच पथकांनी हे मोजलं. खांबाच्या डोक्यात भोक पाडून बोल्ट पक्का करायचा, त्यावर पोलादी चौकट ठेवायची आणि जॅकने तो सरळ वर ओढायचा. बहुतेक खांब स्वतःच्या वजनाच्या कैकपट जोर लावूनही बाहेर येत नाहीत. पण काही थोडे जवळजवळ स्वतःच्याच वजनाला निघून येतात, आणि डिझाइन त्या थोड्यांचं करावं लागतं.

हा घट्टपणा दोन गोष्टींमुळे येतो. एक म्हणजे सांध्यांत भरलेली खडी. खांब बसवून झाले की वर बारीक-मध्यम टोकदार खडी पसरायची आणि झाडून, पाणी मारून ती सांध्यांत उतरवायची. पहिल्या हिवाळ्यात ती खाली बसते, काही धुऊन जाते. मग पुन्हा भरायची. ही दुसरी भरणी टाळली तर गणितातला गुणांक कागदावरच राहतो. सांधा भरला तरी त्यातून पाणी जातं. खडी दगडाला दगडाशी अडकवते, वाट अडवत नाही. सिमेंटचा गिलावा आणि ही खडी यांतला फरक इथेच आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे वरच्या ओळींचं वजन. उतारावरचा प्रत्येक खांब थोडासा खाली घसरू पाहतो आणि त्याचा भार खालच्यावर येतो. म्हणून उताराच्या पायथ्याकडे दाब जास्त, माथ्याकडे कमी. वरच्या काही ओळी त्यामुळे नेहमी दुबळ्या असतात. बांध बाहेरच्या बाजूला वळतो तिथेही सांधे पंख्यासारखे उघडतात. पिचिंग काँक्रीटच्या भिंतीला किंवा पायऱ्यांना जाऊन भिडतं तिथे ओळ तुटते. नुकसान जवळपास नेहमी अशाच ठिकाणी सुरू होतं. एक खांब निघाला की शेजारी मोकळे होतात, खडी वाहते, जिओटेक्सटाइल फाटतं, आणि मग लाट थेट चिकणमातीवर बसते. चांगल्या चिकणमातीचा जाड थर काही तास तग धरतो. खाली वाळूचा गाभा असेल तर त्यानंतर फार वेळ उरत नाही.

या सगळ्या बोजाचा आधार असतो पायथा. पायथा सरकला की अख्खा उतार सैल होतो आणि दाबून धरणारी ताकद जाते. झीलंडमध्ये त्यासाठी लाकडी खुंट किंवा काँक्रीटची पट्टी, आणि तिच्यापुढे दगडांची भर केली गेली.

ओस्टरस्केल्डची वेगळी अडचण

वादळात दरवाजे बंद झाल्यावर आतले बांध सुरक्षित झाले, असं सामान्य समज सांगते. पण बंद खाडीत पाण्याची पातळी हलत नाही. बाहेर भरती-ओहोटीमुळे लाटा उतारावर वरखाली फिरत राहतात, प्रत्येक पट्ट्याला थोडा थोडा मार मिळतो. आत वारा तोच, पातळी स्थिर, आणि लाटा तासन्‌तास एकाच पट्ट्यावर घण घालत राहतात. म्हणून दरवाजे चालवण्याचीच पद्धत ठरवावी लागली : लांबलेल्या वादळात एका भरतीला आतली पातळी समुद्रसपाटीच्या १ मीटर वर धरायची, पुढच्या भरतीला २ मीटर, मग पुन्हा १. मार दोन पट्ट्यांवर वाटला जातो. दरवाजा चालवणाऱ्याचा निर्णय पिचिंगच्या जाडीत मोजला जातो, याचं याहून चांगलं उदाहरण मला आठवत नाही.

याच खाडीत दुसरा प्रश्न होता समुद्री शेवाळाचा. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात जुन्या दगडांवर वाढलेली शेवाळं, शंख-शिंपले आणि त्यांवर जगणारे पक्षी यांना कायद्याचं संरक्षण होतं. गुळगुळीत काँक्रीटवर शेवाळ लवकर धरत नाही. म्हणून या पट्ट्यात डोकं खडबडीत, सच्छिद्र ठेवलेले खास खांब वापरले गेले. जिथे जुनं अस्तर न काढता त्यावर दगड पसरून डांबराने बांधायचं ठरलं, तिथेही वरचे दगड डांबराविना मोकळे ठेवले गेले, जेणेकरून शेवाळाला पकड धरायला जागा राहील.

काम फक्त १ एप्रिल ते ३० सप्टेंबर या काळात. १ ऑक्टोबरपासून वादळांचा हंगाम, तेव्हा समुद्रबांधाचं अस्तर उघडं ठेवायला मनाई. आपलं वेळापत्रक याच्या बरोबर उलटं आहे : जून ते सप्टेंबर आपण बांधाला हात लावत नाही, आणि दिवाळीनंतर कामं काढतो. डच वेळापत्रकात सहा महिन्यांत जेवढं उघडायचं तेवढंच झाकून व्हायला हवं, म्हणून खांब कारखान्यातून सांध्यांच्या अंतरासकट गठ्ठ्याने यायचे आणि क्रेनच्या पकडीने एकदम मोठा तुकडा उतारावर ठेवला जायचा. हाताने बसाल्ट रचणारे जुने कारागीर वळणांवर आणि कडांना लागत, जिथे यंत्राची पकड चालत नाही.

कोकणातल्या बांधाकडे वळताना

झीलंडचे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे आणू नयेत. मरीन ड्राइव्हसारख्या उघड्या किनाऱ्यावर टेट्रापॉड (चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे) किंवा मोठ्या दगडांचे जाड, पोकळ थर वापरले जातात, आणि तिथलं गणित वेगळं आहे. एकाच थरात रचलेल्या ठोकळ्यांना हडसनचं सूत्र लावून दगडाचं वजन काढू नये. ते सूत्र ढिगाऱ्यासाठी आहे. पण रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या खाड्यांच्या काठचे खारबांध, आणि गोव्यातल्या खाजणांचे बांध, हे मात्र झीलंडच्या बांधांचे सख्खे भाऊ आहेत : आत शेती, बाहेर भरती, आणि मधे मातीची भिंत.

खाडीत लाट मोठी नसते. समजा ०.६ मीटर, आवर्तन ३ सेकंद, उतार एकास दोन. वरच्याच सूत्रात चपट्या, बंद ठोकळ्यांचा कमी गुणांक घातला तरी काळ्या दगडाची जाडी येते साधारण १८ सेंमी. जांभा वापरला आणि त्याची घनता २,१०० धरली तर सुमारे ३० सेंमी. आपल्याकडे काळ्या दगडाचं पिचिंग २३ किंवा ३० सेंमी जाड करतात. म्हणजे वजनात काळ्या दगडाचं पिचिंग पास आहे. तरी ते पावसाळ्यानंतर पोटं काढून बसतं, मधे खड्डे पडतात, तुकडेच्या तुकडे घसरतात.

रायगडमधल्या एका खारबांधावर मी हे जवळून पाहिलं आहे. दगड उत्तम, काळे, तासलेले. दगडांमधल्या सांध्यांच्या फटी, म्हणजे दर्जा, सिमेंटने भरलेल्या, अगदी रेषा ओढल्यासारख्या. ओहोटीला हातोडी घेऊन उतारावरून चालत गेलं की पायथ्यापासून दोन-तीन हात वर आवाज बदलायचा. टणटणीत ऐवजी पोकळ. दर्जेच्या एका फटीतून राखाडी गाळ ओघळून वाळला होता, आणि तशीच ओघळ पुढे आठ-दहा दगडांनंतर पुन्हा. मागे फिल्टर म्हणून मुरूम टाकलेला. भरतीचं पाणी बांधात शिरतं, ओहोटीला बाहेर यायला जागा नाही, म्हणून जिथे एखादी फट सापडेल तिथून ते मुरूम घेऊन निघतं. वर पिचिंग पक्कं दिसतं आणि खाली पोकळी वाढत जाते. मग एखाद्या उधाणाला तो तुकडा एका पत्र्यासारखा उचलला जातो आणि दुभंगतो. दुरुस्ती काय होते? त्याच जागी पुन्हा दगड, पुन्हा दर्जा, या वेळी जास्त सिमेंट.

दर्जा भरण्याची ही सवय इमारतीच्या दगडी बांधकामातून आली आहे. तिथे ती योग्य आहे, कारण पाऊस आत जाऊ द्यायचा नसतो. समुद्रबांधावर पाणी आत जाणारच असतं. प्रश्न ते बाहेर कसं येईल एवढाच आहे. अख्खं पिचिंग सिमेंटने बांधायचंच असेल तर त्याला सलग फरशी समजून, खालच्या पूर्ण उचलदाबाला पुरेल इतकी जाडी आणि निचऱ्याची भोकं देऊन डिझाइन करायला हवं. अर्धवट बांधलेलं पिचिंग फरशीइतकं जड नसतं आणि सुट्या दगडांइतकं मोकळंही नसतं.

माझी शिफारस या बांधांपुरती साधी आहे. दगड हाताने घट्ट रचावेत, रुंद तोंड खाली, लांबी उताराला काटकोनात. सांध्यांत टोकदार बारीक खडी ठोकून भरावी आणि पहिल्या पावसाळ्यानंतर पुन्हा भरावी. हे दुसरं भरण निविदेतच स्वतंत्र बाब म्हणून असावं, नाहीतर ठेकेदार गेलेला असतो. मुरमाऐवजी जिओटेक्सटाइल आणि त्यावर १० सेंमी खडी. पायथ्याला चिखलात बसवलेला एक दगड पुरत नाही. कडक थरापर्यंत खंदक किंवा पुढे दगडांची भर हवी. आणि उघाडीच्या (बांधातल्या पाणी सोडण्याच्या दाराच्या) दोन्ही बाजूंना, जिथे पिचिंग काँक्रीटच्या भिंतीला भिडतं, तिथे सांधा रुंद ठेवून तो मोठ्या खडीने भरावा, कारण पहिला दगड तिथूनच निघतो. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात लाटांचे कालवे आहेत. खाडीतल्या लाटेसाठी आपल्या दगडाचं, आपल्या रचनेचं पिचिंग जवळजवळ खऱ्या आकारात तिथे तपासणं अशक्य नाही.

तोवर ओढून पाहण्याची चाचणी तरी सुरू करता येईल. त्याला परदेशी यंत्र लागत नाही. पाइपांची तिपाई, साखळी-कप्पी, मधे अडकवलेला स्प्रिंग काटा आणि दगडात ठोकलेला अँकर बोल्ट. एका बांधावर जिथे दर्जा भरली आहे तिथले वीस दगड आणि जिथे खडी भरली आहे तिथले वीस दगड, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर. प्रत्येकाला त्याच्या वजनाच्या किती पट जोर लागला तेवढंच लिहायचं. पायथा, मध्य आणि माथा यांच्या नोंदी वेगळ्या ठेवायच्या, उघाडीजवळच्या त्याहूनही वेगळ्या. सरासरी काढू नये. सर्वांत सहज निघालेले दोन-तीन दगड कुठले, ते नकाशावर खूण करून ठेवावेत, आणि दर्जा भरलेल्या तुकड्यात दगड निघाला तर खाली हात घालून पोकळी किती खोल आहे तेही मोजावं.